होस्टिंगचा दर कसा ठरवायचा?



वेबसाइट म्हणजे आपल्या पापड-मसाल्याचं इंटरनेटवरचं दुकान आणि होस्टिंग म्हणजे त्या दुकानाच्या जागेचं भाडं. आमच्या गटातल्या संगणक शिकलेल्या मुली सर्व्हरवरची मोठी जागा भाड्याने घेतात आणि ती इतर गटांना वाटून देतात.

दर ठरवताना आधी वही उघडायची. समजा, जागेचं वर्षाचं भाडं 12,000 रुपये. त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 2,160. एकूण 14,160. आपली उलाढाल 20 लाखांच्या आत आणि जीएसटी नोंदणी नाही, म्हणून हा कर वळता होत नाही. तो खर्चातच धरायचा. गिऱ्हाइकं वीस असली तर प्रत्येकी 708 रुपये पडतात, बाराच असली तर 1,180. हिशेब बाराचाच धरावा. त्यात मुलींची मजुरी मिळवली की 1,800 च्या खाली परवडत नाही.

मग बायका विचारतात, "ताई, जाहिरातीत तर 999 लिहिलंय!" असा स्वस्त दर बऱ्याचदा पहिल्या वर्षापुरता असतो, नूतनीकरणाला तो वाढतो. म्हणून आम्ही दोन्ही वर्षांचा दर पहिल्याच दिवशी कागदावर लिहून देतो. फोनवर मराठीत मदत करतो, दर आठवड्याला वेबसाइटची प्रत काढून ठेवतो. 999 ला द्यायचं म्हटलं तर मुलींच्या हाती काहीच उरणार नाही, उलट पदरचे जातील.

तुमच्याही गटाने होस्टिंग घेताना दुसऱ्या वर्षाचा दर आधी विचारा, बरं का!