तिकीट गाण्याला असावं, स्टॉलला नको



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, गवई नाही. माझे मामू मिरजेत तंतुवाद्यं बनवतात. हिवाळ्यात महोत्सव सुरू झाले की सुट्टी टाकून मी त्यांच्या स्टॉलवर बसतो. आज बोलायचं आहे ते तिथे पाहिलेल्या गोष्टीबद्दल.

मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आनंद झाला, पेढे वाटले. पण मानांकनामुळे गिऱ्हाईक दारात येत नाही, त्याला वाद्य ऐकावं लागतं. तानपुऱ्याचा भोपळा पंढरपूरकडचा, दांडी बहुधा तुनाच्या लाकडाची. हे फोटोत दिसतं. जवारी दिसत नाही. घोडीचा माथा घासत, तारेखाली दोरा थोडा थोडा सरकवत मामू आवाज खुलवतात. गाणाऱ्याची पट्टी कोणती, त्यावर ते ठरतं. म्हणून गाणारा समोर बसलेला लागतो. तुम्ही म्हणाल, इंजिनिअर भाचा असून वेबसाइट का नाही? आहे, मीच काढली. चौकशा येतात, आणि शेवटचा प्रश्न हमखास एकच: "प्रत्यक्ष बघायला कुठे मिळेल?"

आम्ही सांगतो, महोत्सवात या. आणि महोत्सवाला तिकीट असतं.

दोन वर्षांपूर्वी एका शहरात (नाव घेत नाही) असंच झालं. गाणं शिकणारी एक मुलगी वडिलांबरोबर एसटीने आली. त्यांना मैफल ऐकायची नव्हती, तानपुरा बघायचा होता. गेटवर सांगितलं, दोघांचं दिवसाचं तिकीट काढा. वडिलांनी मामूंना फोन केला. मामू दोन तानपुरे घेऊन फुटपाथवर गेले. रिक्षांचे हॉर्न, शेजारी जनरेटर. मुलगी तारेला कान लावून बसली, पण जवारी काही कळेना. वडील म्हणाले, "कळवतो." त्यांचा फोन आला नाही.

आत स्टॉलवर गर्दी नव्हती असं नाही. पण ती मध्यंतराची गर्दी. वीस मिनिटांत माणसाला चहाही हवा, बटाटेवडाही हवा. मामू म्हणतात, "भाचे, इथे लोक सतारीसोबत फोटो काढतात आणि वडा गार व्हायच्या आत जातात."

याची दुसरी बाजूही आमच्या गावात आहे. उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले, १९३७ साली गेले. त्यांच्या स्मरणार्थ मीरासाहेब दर्ग्याच्या उरुसात दरवर्षी मैफली होतात. तिकीट नाही, कुणीही येऊन बसतं. त्यांचे शिष्य सवाई गंधर्व. सवाई गंधर्वांच्या नावाचा महोत्सव पंडित भीमसेन जोशींनी १९५३ मध्ये पुण्यात सुरू केला. तो तिकिटाचा. म्हणजे एकाच घराण्यात दोन्ही रिती आहेत. तिकिटाला माझा विरोध नाही. कलाकारांचं मानधन, मांडव, ध्वनिव्यवस्था यांचा खर्च कुठून तरी यायलाच हवा. उरुसाच्या गर्दीत तानपुरे धडाधड विकले जातात असंही नाही, तिथे निम्मे लोक खेळण्यांच्या गाड्यांवर असतात.

माझं म्हणणं एवढंच आहे की तिकीट बसायच्या जागेचं असावं. कारागीर स्टॉलचं भाडं वेगळं भरतो. त्याने भाडं भरायचं आणि त्याच्या गिऱ्हाइकाने पुन्हा तिकीट काढायचं, हा हिशेब मला पटत नाही.

आयोजक सुरक्षेचं कारण देतात. ते खोटं नाही. पण बहुतेक महोत्सवांत पहिली बैठक दुपारनंतर सुरू होते. सकाळी दहापासून मैदान रिकामं, कारागीर मात्र स्टॉलवर हजर. मग दहा ते दोन स्टॉल सर्वांना मोफत खुले ठेवा. दोन वाजता मैदान रिकामं करून घ्या आणि मग बारकोड तपासत बसा. फार तर दोन रखवालदार जास्त लागतील. जागा असेल तिथे स्टॉलची रांग गेटच्या बाहेरच्या अंगाला घ्या, म्हणजे तोही प्रश्न नाही. सकाळी शांतताही असते. जवारी ऐकायला तीच वेळ चांगली.

तुमच्यापैकी काहीजण आपापल्या गावच्या महोत्सव समित्यांवर आहात. या मागणीचं एक पानी पत्र मी छापून आणलं आहे, दाराजवळच्या टेबलावर ठेवलंय. सह्या करून जा. खाली मामूंची सही आहे, उर्दूत. वाचता आली नाही तर मला विचारा.