दुखणे थांबते, आजार थांबत नाही
क्लस्टर डोकेदुखीच्या विरामकाळाविषयी एक व्याख्यान



डोके दुखणे ही इतकी सर्वसाधारण तक्रार आहे की, ती करणाऱ्याकडे फारसे कोणी गांभीर्याने पाहत नाही. बाम चोळावा, कपभर चहा घ्यावा, घटकाभर पडून राहावे, एवढ्यावर बहुधा तो विषय संपतो. परंतु डोकेदुखीचा एक प्रकार असा आहे की, ज्याला तो जडला त्याला पडून राहणेसुद्धा शक्य होत नाही. वैद्यकशास्त्रात त्याला 'क्लस्टर' डोकेदुखी असे म्हणतात. क्लस्टर म्हणजे घोस किंवा पुंजका. या दुखण्याचे झटके एकेकटे न येता काही आठवडे ओळीने, घोसाने येतात आणि नंतर अनेक महिने, कधी कधी अनेक वर्षे, नाहीसे होतात. त्यावरून हे नाव पडले.

आजचा विषय या झटक्यांपुरता मर्यादित नाही. झटके थांबल्यानंतरचा जो दीर्घ काळ रुग्णाच्या वाट्याला येतो, त्या विरामकाळात शरीरात आणि मनात काय शिल्लक राहते, हा आजचा मुख्य विषय आहे. पूर ओसरला की पाणी गेले असे आपण म्हणतो. पण घराच्या भिंतीतील ओल आणि नव्या पावसाळ्याची धास्ती त्याबरोबर जात नाही. या रुग्णांचेही काहीसे तसेच आहे.

आजाराचे स्वरूप

साधारणपणे दर हजार व्यक्तींमागे एकीला आयुष्यात केव्हा तरी हा आजार होतो, असा अंदाज आहे. बहुधा वयाच्या विसाव्या ते चाळिसाव्या वर्षांच्या दरम्यान त्याची सुरुवात होते. पुरुषांत त्याचे प्रमाण अधिक आहे. तथापि, स्त्रियांना तो होत नाही ही पूर्वीची समजूत चुकीची ठरली आहे.

वेदना एकाच बाजूला, डोळ्याच्या खोबणीत, भुवईवर किंवा कानशिलात होते. उपचार न केल्यास एक झटका १५ मिनिटांपासून ३ तासांपर्यंत टिकतो. दिवसाआड एकापासून दिवसाला आठपर्यंत झटके येऊ शकतात. त्याच बाजूचा डोळा लाल होऊन पाझरू लागतो, नाक चोंदते किंवा वाहते, पापणी सुजते अथवा खाली उतरते, कपाळावर घाम येतो. अर्धशिशीचा रुग्ण अंधाऱ्या खोलीत निपचित पडून राहणे पसंत करतो. क्लस्टर डोकेदुखीचा रुग्ण मात्र येरझारा घालतो, डोके गच्च धरून पुढेमागे झुलतो, प्रसंगी भिंतीवर डोके आपटतो. या दोन आजारांतील हा फरक घरच्या माणसांच्याही सहज लक्षात येण्यासारखा आहे.

या दुखण्याचे आणखी एक वैशिष्ट्य म्हणजे त्याचा वक्तशीरपणा. अनेकांना झोप लागल्यावर एकदोन तासांनी, नेमक्या त्याच सुमारास झटका येतो. काहींचा हंगामही वर्षाच्या ठराविक ऋतूत येतो. व्हिएन्नाचे प्रसिद्ध वैद्य गेरार्ड व्हान स्वीटेन यांनी १७४५ मध्ये एका रुग्णाची हकिकत नोंदवली. त्याला दररोज त्याच वेळी डाव्या डोळ्याच्या वर असह्य वेदना होत आणि डोळा बाहेर पडतो की काय असे वाटे. या आजाराचे हे सर्वांत जुन्या स्पष्ट वर्णनांपैकी एक मानले जाते. पुढे अमेरिकेतील मेयो क्लिनिकचे डॉ. बेयर्ड हॉर्टन यांनी १९३९ मध्ये त्याचे सविस्तर वर्णन केले.

या वक्तशीरपणाचे मूळ मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमस या छोट्याशा भागाशी निगडित असावे, असे शास्त्रज्ञ मानतात. झोप आणि जाग, शरीराचे तापमान, अनेक ग्रंथिरसांचे प्रमाण यांचे घड्याळ या भागात असते. झटका चालू असताना हा भाग विशेष क्रियाशील होतो, असे १९९८ मध्ये मेंदूच्या प्रतिमांवरून दाखवून देण्यात आले. चेहऱ्याची संवेदना मेंदूकडे नेणारा मज्जातंतू आणि डोळ्यानाकाच्या स्रावांवर नियंत्रण ठेवणारे तंतू यांची साखळी चेतवली गेली, म्हणजे वेदना आणि अश्रू एकाच वेळी सुरू होतात.

विरामकाळ म्हणजे काय?

डोकेदुखीच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाची तिसरी आवृत्ती २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यानुसार झटक्यांचा हंगाम ७ दिवसांपासून एक वर्षापर्यंत असू शकतो आणि दोन हंगामांत निदान तीन महिन्यांचा वेदनारहित काळ असेल, तर तो आजार 'प्रासंगिक' प्रकारचा समजला जातो. बहुसंख्य रुग्ण याच प्रकारात मोडतात. त्यांचा हंगाम बहुधा दोन आठवडे ते तीन महिने चालतो. विरामकाळ काहींना काही महिन्यांचा, तर काहींना कित्येक वर्षांचा मिळतो. वर्षभरात असा तीन महिन्यांचाही विसावा न मिळणाऱ्यांचा आजार 'दीर्घकालिक' म्हणून ओळखला जातो.

वर्गीकरणातील 'वेदनारहित' हा शब्द मोठा सोईचा आहे. पण त्यामुळे एक गैरसमजही होतो. वेदना नाही म्हणजे काहीच नाही, असे घरचे समजतात, कचेरीतील वरिष्ठ समजतात आणि पुष्कळदा रुग्णही तसेच समजू लागतो. मग मधूनच जाणवणाऱ्या लहानसहान तक्रारी तो कोणाला सांगत नाही. सांगितल्या तर 'आता तर तुमचे डोके दुखत नाही ना?' असा प्रश्न त्याला ऐकावा लागतो.

मागे राहणाऱ्या खुणा

पहिली खूण म्हणजे दुखण्याची सावली. त्याच डोळ्यामागे किंवा त्याच कानशिलात अधूनमधून हलकासा ठणका, दडपण, टोचल्यासारखे किंवा मुंग्या आल्यासारखे वाटते. हे झटक्यासारखे तीव्र नसते व बहुधा आपोआप निवळते. हंगामाच्या आरंभी आणि अखेरीस या सावल्या अधिक जाणवतात. परंतु काहींना त्या विरामकाळाच्या मध्यावरही भेटतात. सावली पडली म्हणजे हंगाम आलाच असे नव्हे. तथापि, रुग्णाच्या छातीत धस्स होण्यास ती पुरेशी असते.

दुसरी खूण डोळ्यावर दिसते. झटक्याच्या वेळी पापणी खाली उतरते आणि डोळ्याची बाहुली लहान होते. वारंवार झटके सोसलेल्या काही रुग्णांत हा बदल पुढेही थोडासा कायम राहतो. छायाचित्रात एक डोळा किंचित मिटल्यासारखा दिसतो आणि भेटणारा प्रत्येकजण 'झोप झाली नाही का?' असे विचारतो.

तिसरी खूण झोपेची. रात्री ठराविक वेळी वेदनेने जागे होण्याची सवय शरीराला जडलेली असते. डेन्मार्कमधील डोकेदुखी संशोधकांना या रुग्णांची झोप विरामकाळातही निरोगी व्यक्तींइतकी चांगली नसल्याचे आढळले. रुग्ण मध्यरात्री जागा होतो, डोके चाचपून पाहतो, वेदना नाही अशी खात्री करून घेतो आणि मग पहाटेपर्यंत तळमळत राहतो. सकाळी तो कामावर येतो तो शिणलेलाच.

चौथी खूण सर्वांत खोल आणि सर्वांत अदृश्य आहे. ती म्हणजे भीती. मुलीचे लग्न ठरविताना, प्रवासाचे आरक्षण करताना, बदलीचा हुकूम हाती पडताना त्याच्या मनात एकच हिशेब चालू असतो: त्या महिन्यात दुखणे परतले तर? लोक त्याला उत्साह नसलेला किंवा चुकार समजतात. या आजाराची वेदना इतकी तीव्र असते की, काहींच्या मनात जीव नकोसा झाल्याचे विचार येतात. हे विचार विरामकाळातही डोकावत असतील, तर ते घरच्यांना आणि डॉक्टरांना सांगण्यात कोणताही कमीपणा नाही. केंद्र शासनाने २०२२ मध्ये सुरू केलेल्या 'टेलि-मानस' या सेवेचा १४४१६ हा दूरध्वनी क्रमांक अशा वेळी उपयोगी पडतो.

सर्वच खुणा निरुपद्रवी नसतात

येथे एक इशारा देणे आवश्यक आहे. विरामकाळातील प्रत्येक तक्रार जुन्या आजाराच्या खात्यावर टाकून मोकळे होऊ नये. पापणी अचानक उतरली आणि त्याबरोबर मानेत वेदना असेल, दृष्टी अंधुक झाली असेल, हातापायांत अशक्तपणा आला असेल, ठणका दिवसरात्र एकसारखा राहत असेल, किंवा वेदनेने नेहमीची बाजू सोडली असेल, तर विनाविलंब तपासणी करून घेतली पाहिजे. मानेतील रक्तवाहिनीला इजा झाल्यास किंवा मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीत गाठ असल्यास जवळजवळ अशीच लक्षणे दिसू शकतात. जुना रुग्ण जी खूण ओळखतो तिची चिंता करू नये; मात्र जी ओळखीची नाही तिची उपेक्षाही करू नये.

सावलीच्या भीतीने रोज वेदनाशामक गोळ्या घेण्याची सवय तर अत्यंत घातक होय. अशा गोळ्या महिन्यातील बरेच दिवस घेतल्यास त्यांच्यामुळेच नवी डोकेदुखी जडू शकते. शिवाय क्लस्टरच्या झटक्यावर साध्या गोळ्यांचा उपयोग होत नाही, कारण पोटातून रक्तात पोचून त्या काम करू लागेपर्यंत झटका बहुधा ओसरू लागलेला असतो.

विरामकाळ हा तयारीचा काळ

पावसाळ्यापूर्वी ज्याप्रमाणे गावातील नाले साफ करून घेतले जातात, त्याप्रमाणे पुढील हंगामाची तयारी विरामकाळातच झाली पाहिजे. झटका सुरू झाल्यावर विचार करण्यास अवधी नसतो.

पहिले काम निदान पक्के करण्याचे. या आजाराचे निदान होण्यास पुष्कळदा वर्षानुवर्षे लागतात. नाक चोंदते म्हणून सायनसचे उपचार होतात, जबड्यात कळ जाते म्हणून निरोगी दातही काढले जातात. मज्जासंस्थेच्या तज्ज्ञाकडून एकदा निदान झाले की, त्याचा लेखी कागद जपून ठेवावा. प्रत्येक हंगामाची सुरुवात व शेवट, झटक्यांच्या वेळा, कोणत्या औषधाने गुण आला, याची नोंद एका वहीत करावी. दोनतीन हंगामांच्या नोंदींवरून पुढचा हंगाम केव्हा अपेक्षित आहे, याचा अंदाज बांधता येतो.

दुसरे काम प्राणवायूच्या सोयीचे. बसलेल्या स्थितीत, योग्य मुखवट्यातून, मिनिटाला १२ लिटर वेगाने १५ मिनिटे शुद्ध प्राणवायू घेतल्याने झटका शमतो. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत अशा उपचाराने ७८ टक्के झटक्यांत १५ मिनिटांच्या आत आराम पडला. साधी हवा दिली असता हे प्रमाण २० टक्के होते. प्राणवायूची नळकांडी घरी ठेवायची की जवळच्या आरोग्य केंद्रात सोय पाहायची, हे डॉक्टरांशी आधीच ठरवावे. फुप्फुसाचा जुना विकार असणाऱ्यांनी तर त्यांच्या सल्ल्याशिवाय हा उपाय करू नये. नळकांड्याजवळ विडी, सिगारेट वा कोणताही विस्तव असता कामा नये.

तिसरे काम औषधांचे. झटका थांबविण्यासाठी सुमाट्रिप्टानचे इंजेक्शन गुणकारी आहे; पण हृदयविकार असलेल्यांना ते चालत नाही. हंगामात झटक्यांची संख्या कमी करण्यासाठी व्हेरापामिल हे औषध दिले जाते. त्यासाठी हृदयाचा आलेख वेळोवेळी काढावा लागतो. हंगाम संपल्यावर ही औषधे डॉक्टरांच्या सल्ल्याने कमी करीत थांबविली जातात. शिल्लक गोळ्या पुढील हंगामात आपल्या मनाने सुरू करणे धोक्याचे आहे.

मद्याविषयीही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. हंगामात घोटभर मद्यानेही थोड्याच वेळात झटका येऊ शकतो. विरामकाळात मात्र बहुधा तसे होत नाही. यावरून आपण पूर्ण बरे झालो असा निष्कर्ष कोणी काढू नये. झोपण्याची आणि उठण्याची वेळ सांभाळणे हे विरामकाळातील उत्तम पथ्य होय.

समाजाची जबाबदारी

अधिकारी, शिक्षक आणि पंचायत सदस्य यांना या बाबतीत बरेच काही करता येण्यासारखे आहे, आणि त्यासाठी फारसा खर्चही येत नाही.

कार्यालयप्रमुखाने आपल्या हाताखालील अशा कर्मचाऱ्याची रजेची मागणी संशयाने पाहू नये. तीन वर्षे ठणठणीत दिसणारा माणूस चौथ्या वर्षी अचानक महिनाभर रजा मागतो, तेव्हा ते ढोंग नसून आजाराचा स्वभावच तसा आहे. महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ मध्ये वैद्यकीय प्रमाणपत्रावर परिवर्तित रजेची तरतूद आहे. रात्रपाळीच्या फेरबदलात अशा व्यक्तीला शक्य तितकी सूट द्यावी. शाळेत एखादे शिक्षक या दुखण्याने ग्रासलेले असतील, तर झटक्याच्या वेळी त्यांना वर्गातून उठून एकान्तात जाता यावे, एवढी व्यवस्था सहकाऱ्यांनी आपापसांत करावी. विद्यार्थ्यांसमोर वेदनेने येरझारा घालण्याची वेळ येणे ही शिक्षकाच्या दृष्टीने वेदनेइतकीच मोठी शिक्षा असते.

पंचायत सदस्यांनी गावातील अशा रुग्णाची माहिती आरोग्य केंद्राला असेल, प्राणवायू आणि योग्य मुखवटा तेथे तयार राहील, याकडे लक्ष द्यावे. रात्री दोन वाजता दारात आलेल्या, डोळा लाल झालेल्या, अस्वस्थपणे फिरणाऱ्या माणसाला दारुडा समजून परत पाठविले जाऊ नये, यासाठी ही आगाऊ ओळख फार मोलाची ठरते.

या आजाराचा समूळ नाश करणारे औषध आज उपलब्ध नाही. अनेकांचे विरामकाळ वयाबरोबर लांबत जातात, ही समाधानाची बाब आहे. परंतु तोपर्यंत रुग्णाला हवी असते ती एकच गोष्ट: दुखत असताना त्याच्यावर विश्वास ठेवावा आणि दुखत नसतानाही ठेवावा. 'आता बरे वाटते ना?' असे विचारून उत्तराची वाट न पाहता पुढे जाण्याऐवजी क्षणभर थांबून त्याचे उत्तर ऐकून घेतले, तर त्याच्या निम्म्या भीतीला वाट मिळेल. तेवढे करणे आपणा सर्वांच्या हाती आहे.