बंपर घरी रंगवायचाय?

तर मंडळी, आज बंपर. बोईसरच्या एमआयडीसीतल्या ट्रकांमधून रोज गाडी काढणाऱ्याला कोपरा कसा घासतो ते मी सांगायला नको.

बंपर काढून आतून बघा. बहुतेक वेळा पीपी किंवा पीपी+ईपीडीएम असं उमटवलेलं दिसेल. पीपी म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, आपल्या डब्या-बादल्यांच्या जातीचं. त्याला रंग धरतच नाही. म्हणून उघड्या प्लास्टिकवर आधी अ‍ॅडहिजन प्रमोटर, मग प्राइमर. हा थर वाचवलात, तर प्रेशर वॉशमध्ये पापुद्रे निघालेच म्हणून समजा.

खरं काम धुण्यात आहे, कंटाळवाणं पण तेच. भांड्यांचा साबण, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल. चिंचणीच्या खाऱ्या वाऱ्यात गाडी उभी राहत असेल तर दोनदा धुवा. मग ओला पॉलिश पेपर, ४०० आणि ६०० नंबरचा, जुनी चमक पूर्ण मरेपर्यंत. प्राइमरवर ८००.

रंगाचे पातळ तीन हात, मध्ये दहा-पंधरा मिनिटं. पावसाळ्यात नकोच, दमट हवेत रंगावर दुधी झाक येते.

आणि आता नीट ऐका. हार्डनरवाल्या टू-के क्लिअर कोटमध्ये आयसोसायनेट असतं. त्याने दमा जडू शकतो, आणि तोंडाला बांधलेला रुमाल तिथे काही कामाचा नाही. बिल्डिंगच्या गॅलरीत, शेजारी लहान मूल असताना तर अजिबात नको. माझं मत स्पष्ट आहे: घासाई आपली, क्लिअर पेंटरचा. फक्त त्याला आधी विचारा; दुसऱ्याच्या प्राइमरवर रंग मारायला काही जण नाही म्हणतात.