अंगणातील शाळा



आजच्या पालघर जिल्ह्यातील बोर्डी येथे १९४५ साली ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र उघडले. मुले शाळेत येईनात, म्हणून शाळाच त्यांच्या अंगणात गेली. प्रथम स्नान, केस विंचरणे. मग शंख-शिंपले, बिया, पाने यांची मांडणी. माँटेसरीची महाग साधने खेड्यास परवडणारी नव्हती, आणि त्यांवाचून फारसे अडलेही नाही. बिया वेचताना बोटांस जो ताबा येतो, तोच पुढे लेखणीस उपयोगी पडतो.

उमेळ्यातील एखाद्या पालकास आपले चार वर्षांचे मूल अक्षरे गिरवीत नाही याची चिंता वाटली, तर शिक्षकाने पाटी पुढे करू नये. घरी वाल सोलताना त्यास जवळ बसवून घ्यावे व त्याच्याशी बोलत राहावे, असे सांगावे.