बर्फाच्या दुलईखालची वनस्पतिसृष्टी
(व्याख्यानाचा संक्षेप)



'टंड्रा' हा शब्द उच्चारताच एक ओसाड, एकसारखा, पांढरा प्रदेश डोळ्यांपुढे उभा राहतो. पाठ्यपुस्तकांतील दोन-तीन ओळींनी ही समजूत अधिकच दृढ केली आहे. वस्तुस्थिती मात्र निराळी आहे. टंड्राच्या डोंगरउतारावर शंभर-दोनशे पावलांतच तीन-चार भिन्न वनस्पतिसमूह आढळतात. असे का व्हावे, हे पाहण्यासाठी स्वीडनच्या उत्तर टोकाचा आबिस्को हा डोंगराळ प्रदेश आज मी निवडला आहे.

आबिस्को उत्तर ध्रुववृत्ताच्या सुमारे २०० किलोमीटर उत्तरेस, तोर्नेत्रेस्क सरोवराच्या काठी आहे. येथे १९०९ साली राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले आणि १९१३ पासून येथील संशोधन केंद्रात हवामानाच्या नोंदी ठेवल्या जात आहेत. पश्चिमेकडील पर्वतरांगा अटलांटिकवरून येणारे ढग अडवितात. त्यामुळे वर्षभरात पाऊस व बर्फ मिळून जेमतेम ३०० मिलिमीटर पाणी पडते. सरोवराच्या काठापासून भूर्जवृक्षांचे बुटके, वाकडेतिकडे अरण्य वर चढत जाते आणि समुद्रसपाटीपासून सहाशे-सातशे मीटरांच्या सुमारास संपते. त्यावर टंड्रा.

या टंड्रात कोणती वनस्पती कोठे वाढावी, याचा निर्णय बव्हंशी बर्फाची खोली करते. वारा कड्यांवरचा बर्फ झाडून नेतो आणि खळग्यांत टाकतो. बर्फ हे शीत वस्तूंचे प्रतीक खरे, पण वनस्पतींच्या दृष्टीने ती दुलई आहे. वर हवा उणे २५ अंशांवर उतरली तरी खोल बर्फाखालची जमीन शून्याच्या थोडीच खाली राहते.

उघड्या कड्यांवर ही दुलई नसते. तेथे टिकतात ती जमिनीला बिलगून वाढणारी, उशीसारखी घट्ट झुडपे. वारा त्यांच्यावरून निसटून जातो आणि उन्हात उशीच्या आतली हवा बाहेरच्यापेक्षा बरीच उबदार होते. चुनखडीयुक्त खडक असेल तेथे ड्रायस ही वनस्पती दिसते. तिच्या पांढऱ्या फुलाला बहुधा आठ पाकळ्या असतात आणि ते सूर्याबरोबर वळत राहते. फुलाच्या वाटीत ऊन एकवटते व कीटक तेथे ऊब घेण्यास बसतात. परागीभवनाची इतकी सुबक योजना अशा कठोर जागी असावी, याचे मला नेहमीच कौतुक वाटते.

थोडे खाली, वाऱ्याच्या आडोशाला, बुटका भूर्ज आणि बिलबेरीची झुडपे वाढतात. बिलबेरीची जी फांदी हिवाळ्यात बर्फाच्या वर राहते ती बहुधा मरते. झुडपाच्या उंचीवरून तेथे किती बर्फ साचतो याचा अंदाज बांधता येतो. खळग्यांत बर्फ जुलैपर्यंत टिकतो, वाढीस थोडेच आठवडे मिळतात. तेथे भुईवाळुंज राहतो. वाळुंजाच्या कुळातील हा काष्ठमय जीव जमिनीवर दोन-चार सेंटिमीटरच डोके काढतो. १७३२ साली या लॅपलंड प्रांतात फिरलेल्या लिनियसने त्याला सर्व वृक्षांत लहान म्हटले होते.

आता ही दुलईच अनिश्चित होऊ लागली आहे. आबिस्कोचे वार्षिक सरासरी तापमान शून्याखाली असे; अलीकडच्या दशकांत ते शून्यापलीकडे गेले आहे आणि दलदलींखालची कायम गोठलेली जमीन वितळू लागली आहे. पण उन्हाळ्यापेक्षा हिवाळ्यातील अवकाळी उबेने अधिक हानी होते. डिसेंबर २००७ मध्ये उत्तर स्कँडिनेव्हियात काही दिवस हवा उबदार झाली, बर्फ वितळला आणि पाठोपाठ कडाका परतला. उघड्या पडलेल्या क्रोबेरीच्या सदाहरित झुडपांना तो सोसला नाही. पुढील उन्हाळ्यात १,४०० चौरस किलोमीटरांहून अधिक प्रदेशाची हिरवाई घटल्याचे उपग्रहचित्रांत दिसले.

या प्रदेशातील सामी पशुपालकांना अशा हिवाळ्याची झळ थेट पोहोचते. त्यांचे रेनडिअरचे कळप उन्हाळ्यात डोंगरावर चरतात आणि हिवाळ्यात पूर्वेकडील सखल अरण्यांत उतरतात. तेथे खुरांनी बर्फ उकरून ते दगडफुलांच्या जातीची शैवाके खातात. वितळलेला बर्फ पुन्हा गोठून त्याचे कठीण कवच झाले, की चारा हातभर अंतरावर असूनही जनावर उपाशी राहते. मग मालकाला विकतचे खाद्य घालावे लागते. सामी भाषेत बर्फाच्या अवस्थांना अनेक शब्द आहेत. त्यांतील 'ग्वोह्तुन' या शब्दाने बर्फाखालचा चारा जनावराला मिळू शकेल की नाही, तीच स्थिती सांगितली जाते.