खांदा धरला तर



आज आपण खांद्याविषयी बोलू. तुम्ही म्हणाल, खांद्याविषयी काय बोलायचे? पण खांदा धरला म्हणजे कळते. पाठीला हात पोचत नाही. फळीवरचा डबा काढवत नाही. सदरा अंगात घालवत नाही. बायकांना अंबाडा बांधता येत नाही. रात्री त्या कुशीवर वळले की जीव कळवळतो.

अशा माणसाला डॉक्टर व्यायाम सांगतात. व्यायाम करताना दुखते. दुखते म्हणून माणूस व्यायाम सोडतो. सोडला की खांदा आणखी आखडतो. मग हात हलवला की जास्तच दुखते. हे रहाटगाडगे कसे थांबवायचे, एवढेच आज सांगायचे आहे.

आधी खांदा कसा असतो ते पाहू. दंडाच्या हाडाचे वरचे टोक लिंबासारखे गोल असते. ते बशीसारख्या उथळ खोबणीत फिरते. म्हणून आपला हात चहूकडे फिरतो. या सांध्याभोवती एक पातळ, सैल पिशवी असते. कधी कधी ही पिशवी सुजते. मग ती जाड होते, आवळते. त्यामुळे हात फिरेनासा होतो.

पावसात भिजलेली चामड्याची वहाण वाळली म्हणजे कशी कडक होते? तिला हिसका देऊन वाकवली तर ती तडकते. कोपऱ्यात टाकून दिली तर कडकच राहते. तेल लावून रोज थोडी थोडी वाकवली म्हणजे मऊ पडते. खांद्याचेही तसेच आहे. हिसका नको आणि टाकून देणेही नको.

हा आजार साऱ्या जगात होतो. अमेरिकेत बोस्टन शहरात कॉडमन नावाचे शस्त्रवैद्य होते. त्यांनी 1934 साली खांद्यावर मोठा ग्रंथ लिहिला. त्यात त्यांनी या आजाराला 'फ्रोझन शोल्डर', म्हणजे गोठलेला खांदा, असे नाव दिले. डॉक्टर आजही तेच नाव घेतात.

हा आजार बहुधा 40 ते 60 या वयात होतो. पुरुषांपेक्षा बायकांना जास्त होतो. मधुमेह असलेल्यांना तर फार होतो. म्हणून खांदा धरला की रक्तातली साखर तपासून घ्यावी. काहींना आपल्याला साखर आहे हे अशा वेळीच कळते.

या आजाराच्या तीन पायऱ्या असतात. पहिल्या पायरीत दुखणे फार असते. दुसरीत दुखणे उतरते, पण खांदा आखडलेला राहतो. तिसरीत तो हळूहळू मोकळा होतो. हे सारे व्हायला एक ते तीन वर्षेही लागतात. आजार हत्तीच्या पायाने येतो आणि मुंगीच्या पायाने जातो, असे जुनी माणसे म्हणतात ते खोटे नाही.

पण एक ध्यानात ठेवा. खांदा दुखला म्हणजे तो धरलाच, असे नाही. पडल्यामुळे हाड मोडलेले असेल. आतली शीर तुटलेली असेल. दुखणे मानेतून आलेले असेल. म्हणून आधी डॉक्टरांना दाखवा, मगच व्यायाम करा. आणि खांद्याबरोबर छातीत दडपल्यासारखे होत असेल, घाम फुटत असेल, दम लागत असेल, तर ते हृदयाचे दुखणे असू शकते. तेव्हा शेक घेत बसू नका. तडक दवाखाना गाठा.

आता व्यायाम. व्यायाम शिकवणाऱ्या जाणकाराला फिजिओथेरपिस्ट म्हणतात. जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात चौकशी करा. ते सहसा असे व्यायाम सांगतात.

पहिला झोक्याचा. चांगला हात टेबलावर किंवा ओट्यावर टेका. कमरेत थोडे वाका. दुखरा हात दोरीसारखा सैल सोडा. मग तो पुढे-मागे आणि गोल, हलकेच झुलवा. यालाच कॉडमनचा व्यायाम म्हणतात.

दुसरा भिंतीचा. भिंतीकडे तोंड करून उभे राहा. दुखऱ्या हाताची बोटे भिंतीवर टेकून एक एक बोट वर चढवा. जिथे ताण बसेल तिथे थोडे थांबा. मग तशीच खाली उतरवा.

तिसरा काठीचा. उताणे निजा. दोन्ही हातांत काठी धरा. चांगल्या हाताच्या जोरावर दुखरा हात डोक्याकडे न्या.

व्यायामाआधी 10 ते 15 मिनिटे शेक घ्या. गरम पाण्याची पिशवी पंचात गुंडाळून ठेवा. मधुमेहाने कातडी बधिर झाली असेल, तर ऊब किती आहे ते दुसऱ्याच्या हाताने पाहून घ्या. नाहीतर भाजते आणि कळत नाही. एकदम तासभर व्यायाम करू नका. थोडा थोडा, दिवसातून दोन-तीनदा करा.

आता मुख्य प्रश्न. व्यायाम करताना दुखले तर काय करायचे?

पिकाची पैसेवारी आपल्याला ठाऊक आहे. तशी दुखण्याची पैसेवारी काढा. मुळीच दुखत नाही म्हणजे शून्य. सहन होणारच नाही इतके दुखते म्हणजे पुरा रुपया. व्यायाम करताना 30-40 पैसे दुखले, तर भिऊ नका. आवळलेली पिशवी ताणली जाते, ती थोडी बोलणारच. 50 पैशांच्या वर गेले, तर हात तिथून थोडा मागे घ्या. पिकाची पैसेवारी 50 च्या खाली गेली तर वाईट. दुखण्याची 50 च्या वर गेली तर वाईट.

दुसरे, दुखणे किती वेळ राहते ते पाहा. व्यायामानंतर अर्ध्या-पाऊण तासात उतरले, तर ठीक. रात्रीची झोप मोडली किंवा सकाळी खांदा आदल्या दिवसापेक्षा जास्त दुखला, तर व्यायाम जास्त झाला. मग दुसऱ्या दिवशी निम्मा करा. निम्मा करा म्हणतो, बंद करा म्हणत नाही.

तिसरे, दुखणे कोणत्या जातीचे ते पाहा. ताण बसतो, ओढ बसते, ते चालेल. पण एकदम चमक निघाली, हाताला मुंग्या आल्या, बोटे बधिर झाली, हातातला जोर गेला, तर थांबा. जाऊन दाखवा.

आमच्या आळीतल्या एका वहिनींचा डावा खांदा असाच धरला होता. साखर होतीच. तालुक्याला जाऊन त्या व्यायाम शिकून आल्या. चौथ्या दिवशी डोळ्यांत पाणी आणून म्हणाल्या, "गुरुजी, हात असाच राहिला तरी चालेल, पण तो व्यायाम नको. रात्रभर डोळ्याला डोळा नाही." आम्ही विचारले, "वहिनी, किती वेळा करता?" तर लवकर बरे व्हावे म्हणून 10 च्या जागी 50 वेळा करीत होत्या! वर कोणी सांगितले म्हणून सुनेकडून हात ओढूनही घेत होत्या.

आम्ही म्हणालो, "वहिनी, व्यायाम सोडू नका. हे सारे त्या बाईंना जाऊन सांगा." त्या गेल्या. बाईंनी व्यायाम कमी करून दिला. हात ओढणे बंद करायला लावले. डॉक्टरांनी साखरेचे औषध बदलून दिले. सात-आठ महिन्यांनी वहिनींनी आपला अंबाडा आपल्या हाताने बांधला. पाठीमागे हात अजून पुरता जात नाही. पण झोप लागते, आणि फळीवरचा डबा कोणाला काढायला सांगावा लागत नाही.

म्हणून सांगतो, कोणाकडून हात हिसडून घेऊ नका. हाड ठिसूळ असेल तर मोडायचे. दुकानातून आपल्याच मनाने दुखण्याच्या गोळ्या आणून रोज खाऊ नका. त्यांनी पोट बिघडते, मूत्रपिंडाला इजा होते. दुखणे फार असेल तर डॉक्टर गोळी देतात, कधी सांध्यात सुई देतात. सुई दिली तर मधुमेह असणाऱ्यांची साखर काही दिवस चढू शकते, हे आधी विचारून ठेवा. रात्री दुखऱ्या कुशीवर निजू नका. उताणे निजलात तर त्या दंडाखाली लहान उशी घ्या. आणि हात झोळीत अडकवून ठेवू नका. जेवढा हलतो, तेवढा कामाला लावा.

आता शेवटचे. तुम्हाला आता लिहिता येते. त्याचा इथे उपयोग करा. एक वही घ्या. रोज चार गोष्टी लिहा. तारीख. व्यायाम किती वेळा केला. किती पैसे दुखले. रात्री झोप लागली की नाही. दर रविवारी बोटे भिंतीवर जिथवर पोचतील तिथे खडूने रेघ मारा आणि शेजारी तारीख घाला. रोज पाहिले तर फरक दिसत नाही. महिन्याने चार रेघा पाहिल्या म्हणजे दिसतो. रेघ वर चढली नाही, किंवा खाली आली, तर वही घेऊन दवाखान्यात जा. "फार दुखतं हो," एवढेच सांगितले तर डॉक्टरांना अंदाज येत नाही. वही दाखवली म्हणजे येतो.

दुखणे तुमचे आहे. त्याचा हिशेब तुमच्या हातचा असावा.