वर्षाचा मसाला

हयातभर मीं मुलांना त्रैराशिक शिकविलें. पण ज्या मसाल्यावर माझें घर चाललें, त्याचें प्रमाण विचारावें असें मला कधीं सुचलें नाहीं. आमच्या कर्जत-खालापूर भागांत चैत्र-वैशाखांत अंगणोअंगणीं मिरच्या वाळत पडतात. माझी पत्नीही दरवर्षीं हा उद्योग करी आणि वर्षाची बरणी भरून ठेवी. तिच्या पश्चात् पहिल्याच उन्हाळ्यांत सूनबाईंनीं व मीं मसाला केला, आणि श्रावणांत बरणी उघडून पाहतों तों आंत पांढुरकी बुरशी! वळवाच्या ढगांना भिऊन मिरच्या अर्धवट वाळल्या असतांच आम्हीं त्या कुटावयास नेल्या होत्या. सारा मसाला टाकून द्यावा लागला. बुरशीचें विष भाजल्यानें जात नाहीं. तेव्हां असा मसाला पुन्हां भाजून वापरण्याचा मोह कोणीं धरूं नये.

पुढल्या वर्षीं मी वही व तराजू घेऊन बसलों. आळींतील वृद्ध स्त्रियांना विचारावें, "काकू, धणे किती?" त्यांनीं म्हणावें, "चार मुठी." मग सूनबाईंनीं त्यांच्याच मुठीनें धणे तराजूंत घालून घ्यावे आणि मीं आंकडा टिपावा. अशा रीतीनें जें प्रमाण जमलें, तें आज आपणांस सांगतों.

मिरची एकंदर १ किलो. तींत बेडगी ५०० ग्रॅम, संकेश्वरी ३५० ग्रॅम व लवंगी १५० ग्रॅम. बेडगीनें रंग येतो, लवंगीनें तिखटपणा, आणि संकेश्वरी दोहोंचा मेळ घालते. धणे २५० ग्रॅम. जिरें, बडीशेप व हळकुंडें प्रत्येकीं ५० ग्रॅम. खसखस व मिरें प्रत्येकीं २५ ग्रॅम. दालचिनी २० ग्रॅम. लवंग, मसाला वेलची व दगडफूल प्रत्येकीं १५ ग्रॅम. चक्रीफूल, तमालपत्र, नागकेशर व खडा हिंग प्रत्येकीं १० ग्रॅम. आणि एक जायफळ.

मिरच्यांना तीन-चार कडक उन्हें द्यावींत. मोडतांना कट्कन् आवाज व्हावा व हलवितांना आंत बी खुळखुळावें, ही त्यांची परीक्षा. मग देंठ काढावे. प्रत्येक जिन्नस निराळा व मंद आंचेवर भाजावा. कारण धणे खमंग होईपर्यंत खसखस करपून जाते, आणि एक जिन्नस करपला कीं सबंध मसाला कडवट होतो. हिंग व हळकुंडें तेवढीं थोड्या तेलांत तळून घ्यावींत. डंकावर कुटून आणलेला मसाला गरम असतो. तो लागलीच बरणींत भरल्यास आंत वाफ धरते. म्हणून रात्रभर परातींत पसरून निववावा, मग दाबून भरावा, वर हिंगाचा खडा ठेवावा व तोंडाला फडकें बांधावें. बरणींत ओला चमचा घालूं नये.

या मसाल्याची खरी शोभा पाहावयाची ती पोपटींत. भात निघाल्यावर शेतांतील ओलीवर वाल पेरतात. पौष-माघांत त्याच्या शेंगा भरल्या म्हणजे पोपटीचा बेत ठरतो. एक किलो कोंबडीला दोन मोठे चमचे मसाला, आलें-लसूण, मीठ व लिंबू चोळून दोन तास झांकून ठेवावें. मडक्याच्या तळाशीं भांबुर्ड्याचा पाला घालावा. ही बांधावर आपोआप उगवणारी, उग्र वासाची वनस्पति आहे. त्यावर मीठ व ओवा लावलेल्या शेंगा, मग केळीच्या पानांत गुंडाळलेली कोंबडी, पुन्हां शेंगा, आणि तोंडाशीं पाला गच्च दाबावा. पाण्याचा किंवा तेलाचा थेंबही घालावयाचा नाहीं. मडकें पालथें घालून भोंवतीं काटक्या व पेंढा पेटवावा. अर्ध्या तासानें मडक्यावर पाणी शिंपडावें. तें चुर्र होऊन तत्काळ आटलें, तर पोपटी होत आली असें समजावें. मात्र कोंबडीच्या हाडाजवळ लाली दिसल्यास ती आणखी शिजवावी. ज्यांना सामिष वर्ज्य आहे, त्यांनीं बटाटे व वांगीं यांस हाच मसाला चोळावा.

सातासमुद्रांपलीकडील जमेका बेटांत 'जर्क' नांवाचा जो प्रकार आहे, तो या पोपटीचा भाऊबंदच म्हणावयास हवा. इंग्रजांनीं १६५५ सालीं तें बेट स्पेनकडून घेतलें. गुलामगिरींतून निसटून तेथील डोंगरांत राहिलेले आफ्रिकी वंशाचे मरून लोक रानडुकराच्या मांसाला मिरची व पिमेंटोचे दाणे चोळून तें मंद विस्तवावर भाजीत. त्याच लोकांशीं इंग्रजांना १७३९ सालीं तह करावा लागला. जर्कमध्यें पिमेंटो, थाइम व मिरची हे जिन्नस मुख्य. आतां गंमत पाहा : पिमेंटोला जो वास असतो तो युजेनॉलचा, आणि तोच आपल्या लवंगेंत आहे, थाइममध्यें थायमॉल असतें, तेंच आपल्या ओव्यांत आहे. मिरची तर मूळची तिकडचीच. पोर्तुगीजांबरोबर ती सोळाव्या शतकांत आपल्याकडे आली. म्हणून आपल्या मसाल्यांत भरडलेला ओवा, ठेंचलेली कांद्याची पात, किंचित् गूळ व जादा लिंबू घातल्यास जर्कच्या जवळपासची चव घरच्या घरीं साधते.

वरील आंकडे मीं वहींत उतरवून घेतले आहेत. आमचा मसाला आतां टिकतो, चवही चांगली असते. तरी पहिला घास घेतल्यावर सूनबाई माझ्याकडे पाहतात, आणि हा मसाला 'त्यांच्यासारखा' झाला नाहीं, हें आम्हां दोघांनाही कळतें. तिची मूठ तराजूंत घालावयाची राहून गेली. श्रोतेहो, आपल्या घरीं ज्यांच्या हाताला हें प्रमाण ठाऊक आहे, त्यांच्यापाशीं येत्या वैशाखांत वही घेऊन बसावें, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतों.